सलोमीला ‘योग्य’ लिहिताना

डॉक्टरकडे फक्त आजारी माणसं येतात, असा बाहेरच्यांचा समज असतो. नांदेडात एकतीस वर्षं दवाखाना चालवल्यावर मी सांगू शकते की रोजच्या रांगेत चार-दोन धडधाकट माणसं हमखास असतात. त्यांना औषध नको असतं, कागद हवा असतो. कुणाला लायसन्ससाठी, कुणाला पोलीस भरतीसाठी, कुणाला अमरनाथला जायचंय म्हणून. ‘सदर व्यक्तीस मी तपासले असून ती योग्य आहे’ एवढं एक वाक्य, खाली सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. निवडणुका आल्या की हीच रांग उलटी लागायची. एरवी पहाटे नदीकाठी तासभर फिरणारे गुरुजी कमरेवर हात ठेवून आत यायचे आणि ड्यूटी झेपणार नाही असं लिहून द्या म्हणायचे. एका गुरुजींना मी म्हटलं, “वाका बघू.” ते बेसावधपणे पार पायाच्या अंगठ्यापर्यंत वाकले. मग आम्ही दोघंही हसलो, आणि ते मुकाट्यानं ड्यूटीवर गेले.

माझा नियम साधा होता. जे दिसेल, जे ऐकू येईल, तेच लिहायचं. या नियमाचा मला अभिमान होता, अजूनही आहे. पण एका मुलीच्या कागदावर हा नियम तंतोतंत पाळूनही मी किती चुकले, हे मला आजतागायत नीट उमगलेलं नाही. संपादकांनी दवाखान्यातले गमतीचे अनुभव मागितले होते. गमतीचा एक सांगून झाला. आता हा सांगते.

दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून कॅथलिक सिस्टरांचं घर होतं. तिथल्या सिस्टर लिली मूळच्या केरळच्या. पंचवीस वर्षांत त्यांचं मराठी झकास झालं होतं, फक्त ‘माझा आई’ आणि ‘तुमची दवाखाना’ काही सुटलं नव्हतं. सिस्टर व्हायचं म्हणणाऱ्या मुली त्या तपासणीला माझ्याकडे पाठवायच्या. मुली यायच्या आजूबाजूच्या खेड्यांतून, कधी हिमायतनगरकडून, कधी पार लातूर जिल्ह्यातून. पूर्वी जून आला की चार-पाच जणी एकदम यायच्या, अलीकडे वर्षाकाठी एखादी आली तर आली.

अशा मुलीला आधी काही महिने नुसतं सोबत राहून बघायला सांगतात. मग उमेदवारी, मग नवदीक्षेची दोन वर्षं, मग पहिली व्रतं. कायमची व्रतं त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. मधल्या कुठल्याही टप्प्यावर मुलगी घरी परतू शकते, आणि सिस्टरही तिला परत पाठवू शकतात. या सगळ्याच्या आरंभाला एक छापील फॉर्म असे. वर ‘पाचारण’ असा शब्द, खाली वजन, रक्तदाब, हृदय, फुप्फुसं, आणि शेवटी ‘योग्य / अयोग्य’.

माझ्या मदतनीस शकीलाबी. पहिल्यांदा तो फॉर्म बघून त्यांनी विचारलं, “बाई, ये पाचारण कौनसी बीमारी है जी?”

“बीमारी नाही शकीलाबी. देवानं बोलावणं, म्हणजे पाचारण.”

“देव बुलाया तो फिर डॉक्टर का कागज कायको होना?”

मी फॉर्म भरायला घेतला.

मी औशाची, लिंगायत घरातली. आमच्यात मठाला मुलगा दिलेला मी लहानपणी बघितला होता. सगळं गाव वाजतगाजत त्याला पोचवायला गेलं होतं. पण वीस-एकवीस वर्षांच्या मुली स्वतःहून उठतात, एका मोठ्या पिशवीत कपडे भरतात आणि मला जायचंय म्हणतात, हे मला कायम बुचकळ्यात टाकायचं. मी त्यांना काही विचारत नसे. छाती, पोट, डोळे, रक्त तपासायचं नि सही करायची.

एका मे महिन्यात अर्धापूरकडचे दाविदराव नावाचे गृहस्थ आले. केळी तोडणाऱ्या टोळीचे मुकादम. केळीच्या चिकानं शर्टावर काळे डाग पडलेले. समोर बसले, पण काय होतंय ते सांगेनात.

“डॉक्टरीनबाई, माझी मोठी पोरगी तुमच्याकडं तपासायला येनार हाय. सलोमी. सिस्टर व्हायचं खूळ घेतलंय तिनं.”

“बरं मग?”

“तुमी फकस्त एवढं लिवा की तिच्या हार्टात काहीतरी खोट हाय.”

मी पेन खाली ठेवलं.

“बाई, मी देवाच्या विरोधात न्हाई. रविवारी चर्चला जानारा मानूस हाय मी. पन तिची माय गेली तवापास्नं घर ह्या पोरीनं धरून ठिवलंय. बी.ए. केलंय. तिच्या आत्यानं चांगलं स्थळ आनलंय. हार्टाचं निघालं तर त्या सिस्टर ठिवून घेनार न्हाईत, अन् पोरगी बी माझ्यावर रुसनार न्हाई. डॉक्टरनं सांगितलं म्हनल्यावर कोन रुसतं?”

मी त्यांना चांगलंच सुनावलं. मुलगी सज्ञान आहे, तिचं ती ठरवेल, आणि माझ्या हातून खोटं लिहिलं जाणार नाही. ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “तुमचं बी बरोबरच हाय.” ते गेल्यावर मी शकीलाबींना सगळं रंगवून सांगितलं. त्या दिवशी जेवणही जास्त गेलं असावं मला.

तीन दिवसांनी सलोमी आली, सिस्टर लिलींबरोबर. सडपातळ, सावळी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. सिस्टर बाहेर बसल्या. मी स्टेथोस्कोप लावला. मी वाकले की माझ्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबी पुढं येते, ती एका हातानं मागं धरायची मला सवय आहे. सलोमीनं विचारलं, “मॅडम, देव रोज जवळ घेऊन फिरता?” मी हसून गप्प राहा म्हटलं. आणि मला ते ऐकू आलं.

ठोक्यांच्या मधे एक बारीक घरघर होती. खडबडीत रस्त्यावरून लांब कुठंतरी बैलगाडी चालल्यासारखी.

माझा स्वतःवर विश्वास बसेना. या मुलीच्या बापानं परवा ‘हार्ट’ शब्द माझ्या कानात टाकलाय म्हणून तर मला हे ऐकू येत नाही ना? तिला डाव्या कुशीवर वळवलं, पुन्हा ऐकलं. दहा उठाबशा काढायला लावून पुन्हा ऐकलं. घरघर होतीच. जिना चढताना दम लागतो का? “लागतो की, सगळ्यांनाच लागतो.” लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का? “चौथीत होते तवा. दोन महिने शाळा बुडली.” म्हणजे त्या तापानं हृदयाची एक झडप आखडली होती, आणि इतकी वर्षं कुणाला पत्ता नव्हता.

मी तिला म्हटलं, “आणखी एक तपासणी करावी लागेल.” आणि फॉर्मवर लिहिलं, हृदयाची झडप अरुंद असण्याची दाट शक्यता, इको करावा, सध्या अयोग्य. कागद पाकिटात घातला, चिकटवला आणि नेहमीसारखा सिस्टरांच्या हातात दिला.

इथं मी चुकले. ती एकवीस वर्षांची होती आणि हृदय तिचं होतं. समोर बसवून तिला समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली असती. पण बाहेर रांग होती, आणि मनातून मी गोंधळले होते. सांगायची पाळी सिस्टरांवर आली, आणि त्यांनी ते त्यांच्या केरळी मराठीत, चर्चच्या व्हरांड्यात उरकलं.

दोन दिवसांनी दाविदराव केळीचा अख्खा घड खांद्यावर घेऊन दवाखान्यात हजर. घड शकीलाबींच्या टेबलावर ठेवला आणि आत येऊन हात जोडले.

“लई उपकार झाले. त्या दिवशी तुमी माझ्यावर खेकसल्या, मला वाटलं बाई काय ऐकनार न्हाईत. पन तुमी बापाचं मन वळखलं.”

मला क्षणभर कळेना ते कशाबद्दल बोलतायत. कळलं तेव्हा मी म्हटलं, “दाविदराव, बसा. मी खोटं लिहिलेलं नाही. तिच्या हृदयात खरंच दोष आहे.”

ते तसेच हसत होते. माणसाचं हसू विझायला किती वेळ लागतो ते मी त्या दिवशी बघितलं.

“खरंच म्हंजे?”

मी कागदावर हृदयाचं चित्र काढून दाखवलं. ते चित्राकडं बघतच नव्हते.

“मी तर उगंच बोललो होतो, बाई. माझ्या तोंडातनं निघालं अन् देवानं खरं केलं का?”

“तसं नसतं. हे चौथीतल्या तापाचं आहे.”

“तवा बी मीच म्हनलो होतो, दवाखाना नगं, अंगावर काढंल पोरगी.”

घड तिथंच ठेवून ते निघून गेले. पुढं आठवडाभर जो पेशंट येईल त्याला शकीलाबी केळी वाटत होत्या. कशाची म्हणून कुणी विचारलं, तर त्या माझ्याकडं बघायच्या.

त्याच संध्याकाळी सलोमी आली. नंबर न लावता सरळ आत.

“मॅडम, माझ्या बापानं तुमाला काय सांगितलं होतं?”

तिच्या धाकट्या बहिणीनं बापाच्या फेरीबद्दल तिला सगळं सांगितलं होतं. मी तिला खरंखरं सांगितलं, ते आले होते, त्यांनी हेच मागितलं होतं, मी नकार दिला होता. ती म्हणाली, “नकार दिला अन् तेच लिवलं?” तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

मी शकीलाबींना आत बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि स्टेथोस्कोप सलोमीच्या कानात घातला. “आधी यांचं ऐक.” तिनं ऐकलं. “आता तुझं.” चकती मी तिच्या छातीवर धरली. ती डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिली. मग पुन्हा शकीलाबींचं ऐकलं, पुन्हा स्वतःचं.

“यांचं सरळ चाललंय. माझ्यात कायतरी घासतंय.”

“हं.”

“म्हंजे तुमी खोटं न्हाई लिवलं.” कान मोकळे करून तिनं स्टेथोस्कोप नीट घडी घालून टेबलावर ठेवला. “पन मला आधी सांगायचं की, मॅडम.”

मी तिची माफी मागितली. पेशंटची माफी मागायची आम्हा डॉक्टरांना सवय नसते, त्यामुळे ती काही नीट मागता आली नाही.

इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, तेच निघालं. हैदराबादच्या एका दवाखान्यात मांडीतल्या शिरेतून नळी घालून, तिच्या टोकाला फुगा फुगवून झडप उघडली. छाती फाडावी लागली नाही. सलोमी बरी झाली, पण झडप पुन्हा बिघडू नये म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. ते घ्यायला ती माझ्याकडे येऊ लागली. इंजेक्शननंतर अर्धा तास बसवून ठेवावं लागतं, रिअ‍ॅक्शन येते का ते बघायला. त्या अर्ध्या-अर्ध्या तासांत आमची ओळख झाली.

एकदा मी विचारलंच. “तुला हे बोलावणं आलं ते कसं? म्हणजे काही दिसलं, ऐकू आलं?”

“आवाजबिवाज काई न्हाई आला. सिस्टरसोबत एका म्हातारीच्या घरी गेले होते. अंथरुनाला खिळलेली. सिस्टरनं प्रार्थना म्हनली, मग पिशवीतनं नेलकटर काढलं अन् तिच्या पायाची नखं कापू लागली. म्हातारी नुसती बघत होती. मला वाटलं, हे आपुन करावं. तेवढंच.”

“मग नखं घरी राहूनही कापता येतात की. नर्स हो. त्यासाठी लग्न, घर, सगळं कशाला सोडायचं?”

“तेच मला बी कळंना,” ती म्हणाली. “पन नर्स व्हावं असं न्हाई वाटलं ना, मॅडम.”

तोवर घरात वेगळंच सुरू झालं होतं. आत्यानं आणलेल्या स्थळाला हैदराबादचं कळलं आणि ते मागं फिरलं. पाठोपाठ दुसरंही. बाळंतपण झेपेल का, असं लोक सरळ तोंडावर विचारू लागले. झेपू शकतं, नीट देखरेख ठेवली तर झेपतं, असं मी दाविदरावांना लिहूनही दिलं असतं, पण कागद बघतो कोण? शेवटी दाविदराव स्वतः सिस्टर लिलींकडं गेले आणि म्हणाले, “माझी हरकत न्हाई. घेऊन जावा पोरीला.”

पुढच्या इंजेक्शनला सलोमी आली ती धुमसत.

“वर्षाखाली मला कुनी सोडत नव्हतं. आता सगळेच ढकलून राहिलेत. कुनाला नगं झाले म्हून देवाला द्यायचं का मला?”

“तुला स्वतःला अजून जायचंय का?”

“तेच तर नासलं, मॅडम. आधी मी म्हनत होते, मला जायचंय. आता बाप म्हनतो, जा. मग माझं ‘जायचंय’ कुठं गेलं ते सापडंना.”

तिला मी चहा दिला.

मी सिस्टर लिलींना गाठलं. म्हटलं, तुम्ही इतक्या मुली बघितल्या, कुणाचं बोलावणं खरं आणि कुणाचं नाही हे तुम्हाला कळत असेल ना? त्या मोठ्यानं हसल्या.

“डॉक्टर, मी कशी आले सांगू? माझा मैत्रीण निघाली होती. तिला एकटी जायला भीती वाटत होता, म्हणून मी सोबत आले. दोन महिन्यांत मैत्रीण घरी गेली. मी राहिले.” मग हसू आवरून म्हणाल्या, “ज्यांची मला खात्री वाटली, त्या मुली परत गेल्या. जिला बघून मी देवाला म्हटलं, हिला नको, ती हिमायतनगरला दहा वर्षं दवाखाना सांभाळते. सलोमीला मी थांब म्हटलंय. बाबा म्हणतो म्हणून यायचं नाही, आणि बाबा म्हणतो म्हणून राहायचं पण नाही.”

सलोमी दीड वर्ष थांबली. गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या, धाकट्या बहिणीचं बारावीचं वर्ष काढलं. इंजेक्शन एकदाही चुकवलं नाही. त्या काळात ती जायचं म्हणेना आणि नाही जायचं असंही म्हणेना. मी विचारायचं सोडून दिलं होतं. आणि एका सकाळी ती तोच छापील फॉर्म घेऊन आली. सोबत दाविदराव होते, ते बाहेर बाकावर टेकले.

मी तिला तपासलं. नाडी, दाब, छाती सगळं चांगलं. माझ्या नियमाप्रमाणे ‘योग्य’ लिहायला काहीच अडचण नव्हती. तरी पेन उचलवेना. मागच्या खेपेला माझ्या एका शब्दानं या मुलीचं आयुष्य भलतीकडं वळलं होतं. आता दुसऱ्या शब्दानं ते कुठं वळेल?

“एक विचारू का?” मी म्हटलं. “तुला तिकडं जायचंय, की इथून सुटायचंय?”

तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. “दोन्ही असलं तर चालत न्हाई का, मॅडम?”

मला औशातलं आमचं घर आठवलं. बारावीनंतर अडतीच्या दुकानदाराच्या घरात मला देणार होते. मी रात्रंदिवस अभ्यास करून मेडिकलला नंबर लावला, तो लोकांची सेवा करायची म्हणून की त्या दुकानाच्या माडीवर जन्म काढायचा नव्हता म्हणून? सत्काराच्या भाषणांत मी नेहमी सेवा सांगितली. दुसरं कारण मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सलोमीला सांगितलं.

“मग चालतं की,” ती म्हणाली.

मी फॉर्मवर लिहिलेलं सगळं तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. झडपेचं, इंजेक्शनाचं, वर्षातून एकदा इको करण्याचं, आणि शेवटचा शब्द. मग सही केली. बाहेर दाविदराव उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “बाई, आडवलं तवा चुकलो. ढकललं तवा बी चुकलो. आता काय करू तेवढं सांगा.”

“आता काही करू नका,” मी म्हटलं.

सलोमीची नवदीक्षा लातूरच्या घरात चाललीय. गेल्या वर्षी मी दवाखाना बंद केला. यंदा औशाला भाचीच्या घरी जाऊन परतताना लातूरला उतरले, तर तिथं दाविदरावही भेटीला आलेले. तासाभराची भेट. पांढऱ्या साडीत ती थोडी उंच वाटत होती. भिंतीशी लावलेल्या वाफ्यात मेथी टाकलीय ते दाखवलं, दुसऱ्या एका मुलीशी आमची ओळख करून दिली. मी हळूच विचारलं, “काय, सापडलं का तुझं ‘जायचंय’?”

“न्हाई, मॅडम. पन आता रोज हुडकत न्हाई.”

आणखी काही विचारणार तोवर घंटा झाली आणि ती गेली. पहिली व्रतं ती घेईल की नाही, कोण जाणे. सिस्टरांनाही ठाऊक नाही.

परतीच्या एस.टी.त आम्ही शेजारी बसलो होतो. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. लोहा जवळ आल्यावर दाविदराव म्हणाले, “कशी वाटली पोरगी?”

“चांगली. दम लागत नव्हता. पायावर सूज नाही. रंग पण सुधारलाय.”

“ते न्हाई हो बाई. खुशीत होती का?”

मी पुष्कळ विचार केला. ती मेथीजवळ उभी असताना, मुलीला हाक मारताना, घंटा झाल्यावर वळून जाताना कशी दिसली ते आठवून बघितलं. इतकी वर्षं माणसं तपासली, पण हे तपासायचं कशानं ते मला शिकवलेलं नव्हतं.

“तुमच्यापेक्षा होती,” मी म्हटलं.

ते मोठ्यानं हसले. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं, इतके. मग खिडकीकडं तोंड करून बसले आणि नांदेड येईपर्यंत वळले नाहीत.